बंद स्थितीत द्यावयाचे यंत्र

मी, खाली सही करणारी, वय एकतीस, नोकरी रुग्णालयातील यंत्रे तपासण्याची, हे मृत्युपत्र स्वतः विचार करून लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. हृदयाची एक झडप शाबूत नाही आणि ती बदलण्याचे ऑपरेशन ठरले आहे. परंतु झडपेचा आणि निर्णय घेण्याच्या क्षमतेचा संबंध नाही, असे डॉक्टरांचे पत्र सोबत जोडले आहे. माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही. मजकूर बदलावा असा सासूबाईंनी आग्रह केला, पण ती त्यांची बोलण्याची पद्धत आहे, आणि मी मजकूर बदललेला नाही.

ऑपरेशन चालू असताना रक्त फिरवण्याचे काम जे यंत्र करते त्याची तपासणी मीच करते. त्याबद्दल मला शंका नाही. शंका उरते ती माझ्याबद्दल, म्हणून हे लिहून ठेवले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. घर.

घर माझ्या नावावर नाही, त्यामुळे ते कोणाला द्यावे हा प्रश्न येत नाही. तरी पुढचे समजण्यासाठी घराची माहिती आवश्यक आहे. खाली दुकान, वर आम्ही. दुकानात माझे सासरे मिक्सर, पंखे आणि इस्त्र्या दुरुस्त करतात. त्याच काउंटरच्या उजव्या अर्ध्या भागात माझे पती मोबाइल दुरुस्त करतात. वर सासूबाई लोकांच्या कपड्यांना रफू करून देतात. त्यांचे रफू शोधायला भिंग लागते. मी रुग्णालयात तेच करते, फक्त पगारावर. या घरात एकही नळ गळत नाही, एकही दार कुरकुरत नाही. लग्नानंतर सुरुवातीला मला याचे फार कौतुक वाटले.

कलम २. बचत.

माझ्या नावावरची सर्व बचत पतींना द्यावी. ते ती मुलासाठीच वापरतील. त्यांना अट घालण्याची गरज नाही, आणि घातली तर त्यांना वाईट वाटेल.

कलम ३. दागिने.

सासूबाईंनी घातलेले सासूबाईंना, माझ्या आईने घातलेले आईला परत. कोणता कोणाचा यावर वाद झाल्यास, ज्याची कडी कधी तरी तुटून पुन्हा जोडलेली आहे तो सासूबाईंचा समजावा.

कलम ४. हत्यारे आणि कामाच्या वस्तू.

माझा मल्टिमीटर आणि चिमट्यांचा संच रुग्णालयातल्या नव्या तंत्रज्ञ मुलीला द्यावा. ती रीडिंग दोनदा घेते. तिला कोणी सांगितलेले नाही, तरी घेते.

माझा लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर विभागप्रमुखांना द्यावा. तो त्यांच्याकडेच आहे. त्यांनी तो ‘आत्ता देतो’ म्हणून नेला होता. आता त्यांनी तो देऊ नये. माझ्या अहवालांवर त्यांनी स्वतःच्या सह्या केल्या, त्याबद्दल या मृत्युपत्रात काहीही म्हटलेले नाही.

घरातल्या हत्यारांवर माझा हक्क नाही. ती सासऱ्यांची आहेत आणि प्रत्येकाची भिंतीवर जागा ठरलेली आहे.

कलम ५. माझ्या मुलाला द्यावयाची भेट.

हे मृत्युपत्र मुख्यतः या कलमासाठी आहे.

(अ) माझा मुलगा, वय सहा, घरात ‘पक्कड’ म्हणून ओळखला जातो, कारण पाळण्यात असताना त्याने आजोबांचे बोट धरले की सोडवायला दुसरा माणूस बोलवावा लागे. ऑपरेशन ठरल्यावर त्याच्यासाठी मागे काय ठेवावे याचा मी विचार सुरू केला. सासूबाई म्हणाल्या, सोन्याची साखळी. पती म्हणाले, त्याच्या नावाने बँकेत ठेव. रुग्णालयातल्या समुपदेशक बाईंनी सुचवले की दर वाढदिवसाला दाखवता येईल असा एकेक व्हिडिओ करून ठेवावा. मी एक करून पाहिला. मी त्यात ‘नीट जेव’ असे म्हणाले आणि पुढे काही सुचले नाही. शिवाय पक्कड मध्येमध्ये बोलणारा आहे. समोरची बाई आपल्याला उत्तर देत नाही, हे त्याला खपणार नाही.

सूक्ष्मदर्शक घ्यावा असे माझ्या मनात होते. तो सहा वर्षांच्या मुलासाठी नव्हता, माझ्यासाठी होता, हे लक्षात आल्यावर तो विचार सोडला.

(ब) या घरात पक्कडची कोणतीही वस्तू आजवर मोडलेली राहिलेली नाही. त्याची एक ठरलेली रीत आहे. खेळणे मोडले की तो रडत नाही. ते घेऊन खाली जातो, काउंटरवर ठेवतो आणि हात धुऊन जेवायला बसतो. सकाळी ते दुरुस्त असते. क्रेन, ट्रक, पाण्याची बंदूक, उडत्या पक्ष्याचा पंख, सगळे असेच गेले आणि असेच परत आले. एकदा त्याचे बिस्कीट तुटले तेव्हा सासूबाईंनी ते साखरेच्या पाकाने जोडून दिले. मी त्या वेळी स्वयंपाकघरात होते. मीही त्यांना पाक जरा आणखी घट्ट करा एवढेच सुचवले.

(क) ऑपरेशनबद्दल त्याला मी स्वतः सांगितले. दुकानात, सर्वांसमोर. आईच्या आत एक छोटे दार आहे, ते नीट बंद होत नाही, डॉक्टर ते बदलणार आहेत, असे म्हणाले.

त्याने विचारले, “मग तिकडे कशाला जातेस? इथे काउंटरवर झोप ना. सकाळी होईल.”

माझे पती हसले. मग हसायचे थांबले. सासरे त्या वेळी एका इस्त्रीचे झाकण बसवत होते. त्यांनी झाकण बसवले, इस्त्री गिऱ्हाइकाला दिली, आणि एक स्क्रू काउंटरवरच राहिला. असे त्यांच्या हातून पूर्वी कधी झाल्याचे मला माहीत नाही.

त्या दिवशी माझे ठरले. त्याला एक मोडकी वस्तू द्यायची. मोडकी, आणि मोडकीच राहिलेली. आई परत आली नाही तर काउंटरवर ठेवून ती दुरुस्त होणार नाही, हे त्याला कोणी तरी सांगेलच. पण सांगून त्याला काही कळत नाही, हातात दिले की कळते. तो माझ्यावर गेला आहे.

(ड) अशी वस्तू या घरात ठेवणे सोपे नाही, हे मला अनुभवाने कळले.

प्रथम मी भंगारवाल्याकडून गजराचे बंद घड्याळ आणले आणि माझ्या कपाटात ठेवले. मी कामावरून येईपर्यंत ते चालू झाले होते. सासरे म्हणाले, “अगं, काही नव्हतंच त्यात. केसाएवढं कारण. तुला कोणी फसवून विकलं बघ.”

मग जुना टेपरेकॉर्डर आणला. त्यावर ‘हात लावू नये’ अशी चिठ्ठी चिकटवली. तो पतींनी दुरुस्त केला.

“चिठ्ठी वाचली नाहीस?”

“वाचली म्हणून तर! मला वाटलं, शॉक बसतो म्हणून लिहिलंयस. आधी तेच काढलं.”

तिसरी वस्तू छत्री होती. ती सासूबाईंकडे गेली. अधिक लिहिण्यासारखे नाही.

चौथी वस्तू मी घरी आणलीच नाही. ते किल्लीवर नाचणारे पत्र्याचे माकड होते. ते कामाच्या ठिकाणी टेबलाच्या खणात ठेवले. जेवणाच्या सुट्टीत डबा खाता खाता माझ्याच हातांनी त्याची स्प्रिंग बसवली. माकड नाचू लागले तेव्हा नवी तंत्रज्ञ मुलगी टाळ्या वाजवत होती. हे मी कोणाला सांगितले नव्हते. दोष फक्त सासरच्या मंडळींचा आहे असे या कलमावरून वाटू नये, म्हणून इथे लिहिले.

(इ) भेट म्हणून पुढील वस्तू कायम केली आहे: बेरजेचे जुने यंत्र, नग एक, रुग्णालयाच्या हिशेब विभागाने निकाली काढलेले, मी भंगाराच्या लिलावात रीतसर घेतलेले. लोखंडी, काळे, एका हाताने उचलत नाही. पुढे आकड्यांच्या कळांच्या रांगा, उजव्या बाजूला ओढायचा दांडा. कळा दाबून दांडा ओढला की वरच्या काचेच्या खिडकीत बेरीज यायला हवी. दांडा अर्ध्यावर अडतो आणि खिडकीत काही येत नाही.

हे निवडण्याची कारणे अशी. त्याला वीज लागत नाही. त्याचे सुटे भाग बाजारात मिळत नाहीत. झाकण काढले की आतले सगळे डोळ्यांना दिसते, कशामुळे काय हलते ते समजते, म्हणजे त्यात लबाडी नाही. आणि चाकांच्या मधल्या फटीत जातील अशी बोटे आमच्यापैकी कोणाकडेही नाहीत, त्याच्याकडे आहेत.

नेमका बिघाड कुठे आहे ते मला माहीत नाही. मी पाहिलेले नाही. या मृत्युपत्रात लिहायला सर्वांत जड गेलेले वाक्य हेच आहे.

(ई) यंत्र सध्या वकीलसाहेबांच्या कार्यालयात आहे आणि मृत्युपत्राची अंमलबजावणीही तेच करतील. त्यांची निवड कायद्याच्या ज्ञानावरून केलेली नाही. त्यांच्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे आणि त्याखाली त्यांनी कागदाची घडी घातली आहे. घडी पिवळी पडली आहे. ज्या गृहस्थांनी त्या घडीवर बसून आपली सगळी वकिली केली, त्यांच्या ताब्यात हे यंत्र सुरक्षित राहील.

सुरुवातीला ते तयार नव्हते. त्यांनी विचारले, “मॅडम, याची किंमत काय लिहू?”

“भंगाराची.”

“मग मृत्युपत्रात कशाला घालता? घरच्यांना नुसतं सांगून ठेवा की, हात लावू नका म्हणून.”

मी म्हटले, “एकदा घरी या.”

ते आले. चहा होईपर्यंत सासऱ्यांनी त्यांच्या बॅगेची निसटणारी कडी बसवून दिली, पतींनी त्यांच्या मोबाइलची काच बदलली, आणि सासूबाईंनी त्यांना कोट काढायला लावून बटण लावले. जिना उतरताना ते म्हणाले, “घालू या.”

(उ) यंत्र पक्कडला केव्हा द्यावे: माझ्या मृत्यूनंतर लगेच देऊ नये. त्या दिवसांत घरात माणसे असतील, त्याला सगळेच काही ना काही देतील. ज्या दिवशी तो दुकानात जाऊन आजोबांना ‘आईला अजून नीट का नाही केलं?’ अशा अर्थाचे काही विचारेल, त्या दिवशी द्यावे. तो विचारेल. तो प्रश्न ऐकून कोणी विषय बदलू नये, चॉकलेट देऊ नये. वकीलसाहेबांना फोन करावा.

(ऊ) यंत्राला पक्कडखेरीज कोणीही हात लावू नये. ‘हात लावणे’ यात झाकण काढणे, तेल सोडणे, फुंकर मारणे, हलवून आवाज ऐकणे आणि ‘मी फक्त बघतोय’ असे म्हणत बघणे हे सर्व येते. धूळ पुसलेली चालेल. पुसता पुसता स्क्रू आवळलेला चालणार नाही. पक्कडने काय करावे याला अट नाही. त्याने ते उघडावे, न उघडावे, त्यावर चढून बसावे. त्याने मागितले तर हत्यार द्यावे, पण जे मागितले तेच. ‘हे नको, ते घे’ असे म्हणू नये. यंत्र कधीच चालू झाले नाही तरी भेट पूर्ण पोचली असे समजावे.

(ए) वरचा मजकूर मी काल घरच्यांना जेवणाच्या टेबलाशी वाचून दाखवला. पक्कड शाळेत होता. जे बोलणे झाले त्यातून या कलमात एक भर पडली, म्हणून ते बोलणे नोंदवत आहे.

सासूबाई म्हणाल्या, “मुलाला कोणी मोडकं देतं का गं? लोक म्हणतील, आईनं जाताना भंगार दिलं.”

“लोकांना यंत्र दाखवू नका, आई.”

“साखळीपण दे मग. दोन्ही दे.”

“साखळी तुम्ही द्या. तुम्हाला कोणी अडवलेलं नाही.”

पती म्हणाले, “मला निदान एकदा बघू तरी दे.”

“बघणं म्हणजे काय?”

“म्हणजे... झाकण काढून.”

“वर वाचलं ते काय होतं?”

“अगं, पण तेलाशिवाय गंज चढेल त्याला! गंजून गेलं तर तो तरी काय करणार?”

“गंजेल मग. त्यालाही कळेल, गंजतं.”

ते उठून पाणी प्यायला गेले आणि बराच वेळ पाणी पीत राहिले.

सासरे मुळात कमी बोलतात. हातात वस्तू नसली की मुळीच बोलत नाहीत, आणि टेबलावर फक्त कागद होते. शेवटी त्यांनी विचारले, “अडला, तर?”

“अडू द्यायचं, बाबा.”

“रडला?”

“रडू द्यायचं. जवळ बसायचं.”

“नुसतं?”

“नुसतं.”

“आणि हात?”

“मांडीवर.”

त्यांनी हात मांडीवर ठेवून पाहिले. त्यांना ते जमत नव्हते. बोटे एकमेकांची नखे तपासत होती. मग ते म्हणाले, “हे सगळं होईल गं. मी वर येणारच नाही त्या खोलीत, म्हणजे झालं. पण तो कसाबसा घेऊन खाली आला तर? दमून, कंटाळून? काउंटरवर ठेवलं आणि हात धुवायला गेला, तर मी काय करू?”

हे मी धरले नव्हते. सगळ्या अटी मी मोठ्या माणसांसाठी घातल्या होत्या. यंत्र तो स्वतःच आणून ठेवेल, आणि ठेवेलच, याची तरतूद मसुद्यात कुठेही नव्हती.

सासूबाई म्हणाल्या, “घ्या! आता सांग. नातवानं आणून ठेवलेलं हे तसंच टाकतील? त्यांना रात्रभर झोप लागेल?”

“लागणार नाही,” सासरे म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. ते माहिती देत होते.

मी विचार करण्यासाठी वेळ मागितला. सासूबाईंनी ताटे उचलली. पती माझ्या बाजूच्या खुर्चीवर येऊन बसले. नंतर मी पुढील मजकूर लिहिला आणि त्यांना वाचून दाखवला. तो या कलमाचा भाग समजावा:

पक्कडने यंत्र काउंटरवर आणून ठेवले तर ते घ्यावे. परत पाठवू नये, उपदेश करू नये. त्याला जेवू द्यावे, झोपू द्यावे. रात्री ते उघडू नये. सकाळी तो खाली येईल तेव्हा यंत्र होते तसेच, अडलेल्या दांड्यासह, काउंटरवर असावे. तो दांडा ओढून बघेल. तेव्हा आजोबांनी दुकानात असावे. गिऱ्हाईक असले तर त्याला थांबवावे. पक्कड जे काही बोलेल ते ऐकावे. त्याने आजोबांना दोष दिला तर तो घ्यावा, कारण दुसरा कोणी त्याच्या हाताशी नसेल. आणि यंत्र उचलून वर नेताना ते जड असल्यामुळे दुसऱ्या बाजूने धरावे. हे हात लावणे समजले जाणार नाही.

वाचून झाल्यावर सासरे म्हणाले, “शेवटचं वाक्य पुन्हा वाच.”

मी वाचले.

“दोन्ही हातांनी धरलं तर चालेल?”

“चालेल.”

कलम ६. मी परत आले तर.

ऑपरेशन यशस्वी झाल्यास यंत्र वकीलसाहेबांकडून मी स्वतः आणीन आणि पक्कडला स्वतः देईन. कलम ५ मधल्या सर्व अटी मलाही लागू राहतील. मी त्या मोडल्यास सासूबाईंनी मला रागवावे. त्यांना तसा अधिकार या कलमाने देत आहे, तो पूर्वीपासून होताच.

कलम ७. साक्षीदार.

ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलसाहेबांनी सांगितले. त्यामुळे पती आणि सासूबाई बाद झाल्या. सासऱ्यांना मी काहीही दिलेले नाही. हे वाचताना प्रथम त्यांचा चेहरा उतरला. सही मागितल्यावर कारण कळले. वकीलसाहेबांनी असेही स्पष्ट केले की साक्षीदार फक्त माझी सही पाहिल्याची साक्ष देतो, मजकूर त्याला मान्य असण्याची गरज नाही. सासऱ्यांनी तरी पूर्ण मजकूर मागून घेतला आणि चष्मा लावून सगळा वाचला.

हे मृत्युपत्र मी लिहिले, वाचले आणि ते माझ्या इच्छेप्रमाणे असल्याची खात्री करून खालील दोघांच्या देखत सही केली. खाडाखोड नाही. कलम ५ (ए) मध्ये शाईचा रंग वेगळा दिसतो, कारण पहिले पेन संपले.

ठिकाण: राहते घर, दुकानाच्या वर, जेवणाचे टेबल.
दिनांक: रुग्णालयात भरती होण्याच्या आदल्या दिवशी, मंगळवार, सकाळी.

मृत्युपत्र करणारीची सही: (सही)

साक्षीदार पहिल्या: (सही) शेजारच्या स्टेशनरी दुकानाच्या मालकीणबाई. दुसरे पेन यांचे.

साक्षीदार दुसरे: (सही) मृत्युपत्र करणारीचे सासरे, धंदा दुरुस्ती.

दुसऱ्या साक्षीदाराने सहीखाली स्वतःच्या अक्षरात पुढील ओळ लिहिली आहे. साक्षीदाराने काही लिहायचे नसते, हे वकीलसाहेबांनी त्यांना सांगितले, पण तोवर लिहून झाले होते:

“रात्रभर तसंच ठेवीन. सकाळी तिथेच असेन. तू मात्र ये.”